यमदूताच्या विमानाचा हॉर्न

शुक्रवारी सकाळी नऊच्या आत सौंसरच्या जुन्या चर्चसमोर चपला ठेवायला जागा उरत नसे. पांढुर्ण्याहून जीप भरभरून यायच्या, बोरगावची बायामाणसं ट्रॅक्टरनं यायची. सगळे मेलेल्यांना भेटायला आलेले. मंगळवार-शनिवार लोक जामसांवलीच्या मारुतीला जातात, म्हणून परलोकनाथ महाराजांनी शुक्रवार धरला होता. आत्म्यांनाही गर्दीचा अंदाज असावा.

"माय वं, माह्या सासऱ्याले पाह्यलं मी! पांढरा फेटा, पांढरं धोतर!"

"पाय वरते होते का?"

"वरतेच! भुताचे पाय उलटेच राह्यते नं!"

माझं, म्हणजे विनोद मेडिकलवाल्याचं, दुकान चर्चच्या कोपऱ्यावर आहे. चर्चच्या दारासमोर रस्ता, रस्त्यापलीकडे संत्र्याच्या पेट्या भरायचं मोकळं आवार. तिथं महाराजांचा एक चेला, कुणाल, पांढऱ्या धोतर-फेट्यात येरझारा घालायचा. मला वाटायचं, चपला राखतो. लोकांना उल्लू बनवायचं तर बनवा, माझं काय जातं, असं म्हणून मी गप्प होतो. ही माझी चूक होती, आधीच कबूल करतो.

एका गुरुवारी देवकामावशी दुकानावरून चालली होती. मी हाक मारली.

"मावशी, पूजाच्या गोळ्या संपल्या असतीन. पंधरा दिवस झाले, आल्या नाई."

"बंद केल्या."

"कोनं सांगतलं?"

"प्रफुल्लनं."

प्रफुल्ल तिचा एकुलता मुलगा. दोन वर्षांपूर्वी विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला. मागे बायको तृप्ती आणि पूजा, नऊ वर्षांची. पूजाला मिरगी आहे. गोळ्या चालू असताना वर्षभरात एकही झटका आला नव्हता.

"महाराजाच्या तोंडून बोलते थो," मावशी म्हणाली. तिचा चेहरा असा उजळला होता की मला तिच्यावर रागावताही येईना. "म्हणे, पोरीले झटके येते ते बिमारी नोहे. मी तिले जवळ घेतो, म्हणून ते थरथरते. गोळी देल्ली का माहा हात सुटते म्हणे."

"मावशी, फिटच्या गोळ्या एकदम बंद केल्या तं जीवावर बेतते. डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगतलं होतं."

"डॉक्टरनं माह्या पोराले पाह्यलं का? मी पाह्यलं. पाच शुक्रवार." आणि ती गेली.

मागून तृप्ती आली. बुधवारी पूजा शाळेत झटका येऊन पडली होती, ओठ फाटला होता. गोळ्यांचा डबा सासूनं पेटीत कुलूप लावून ठेवला होता, चावी स्वतःच्या गळ्यात. "भाऊ, मी भांडून पाह्यलं. त्या म्हणते, तुले नवऱ्यापेक्षा गोळी मोठी झाली का? आता काय बोलू मी?" तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, भीती होती. त्या दिवशी माझं डोकं सणकलं.

दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन बसलो.

हे चर्च गोऱ्या पाद्र्यांच्या काळातलं. सागवानी बाकांच्या पाठीवर बनवणाऱ्या सुतारांची नावं कोरलेली आहेत, मोडी लिपीत. दाराशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड. पुढे पितळी गरुडाच्या पंखांवर बायबल ठेवायची चौकी. भिंतीवर संगमरवरी पाटी, कॉलऱ्यानं गेलेल्या एका मडमेची. दानिएलकाका साळवे गेली तीस वर्षं हे सगळं घासूनपुसून ठेवतात, महिन्यातून एकदा छिंदवाड्याहून पाद्री येतो तेव्हा सात माणसांसाठी. महाराजांनी 'मृतांसाठी प्रार्थना' म्हणून चावी मागितली, आणि बाकं भरतील या आशेनं काकांनी देऊन टाकली.

महाराजांनी आल्या आल्या सामानाचं बारसं केलं होतं. गरुड विष्णूचं वाहन झाला. कुंडाचं अमृतकुंड झालं. बिचारी मडम, शंभर वर्षं निवांत पडलेली, ती परलोकाची द्वारपाल झाली. तिला रोज हळदकुंकू.

खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार बंद झालं. मिट्ट काळोख.

"आँखें बंद! पंधरा मिनिट भजन! जो बीच में आँख खोलेगा, उसको कुछ नहीं दिखेगा!" महाराज वेदीसमोर आमच्याकडे तोंड करून बसले. "आत्मा उल्टा चलता है बेटा, क्योंकि उसका आसमान नीचे है!"

यावर लोकांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, काही कळलं नव्हतं तरी.

डोळे उघडले आणि खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. वेदीमागच्या चुन्याच्या भिंतीवर, पार छताजवळ, एक पांढरा माणूस चालत होता. पाय वर, फेटा खाली. चेहरा धूसर. बाजूला केशरी ढीग चमकत होता, त्या म्हणे परलोकीच्या ज्योती. बाया रडायला लागल्या. देवकामावशीनं पदर पसरला, "प्रफुल्ल, जेवला का रे बाळा?"

इतक्यात भिंतीवरून एक लाल धूड उलटं सरकत गेलं. लोक किंचाळले.

"यमदूत का विमान! कोई हिले नहीं!" महाराज गरजले.

पण यमदूताच्या विमानाला हॉर्न होता, आणि तो हॉर्न मी ओळखत होतो. सुरुवातीला जोरात आणि शेवटी शेळीसारखा मरतुकडा. सबंध सौंसरात असा हॉर्न एकच, श्रीकांतच्या पिकअपचा. तो संत्र्याच्या पेट्या भरायला आवारात आला होता.

दर्शन संपल्यावर मी काकांना गाठलं. "काका, दारावरची ती गोल खिडकी, तिले काय झालं?"

"रंगीत काच होती. गारपिटीत फुटली. मीच टीन ठोकलं."

"टिनाले भोक आहे?"

"खिळ्याएवढं होतं."

शिडी लावून पाहिलं. भोक आता जुन्या रुपयाएवढं होतं, कडेनं नीट कातरलेलं. काकांनी शिडीवरूनच त्या कडेवर बोट फिरवलं. "विनोद," ते म्हणाले, "मले वाटलं होतं, लोक येऊन राहिले."

संध्याकाळी दुकानात आम्ही चौघं बसलो, मी, काका, श्रीकांत आणि तृप्ती. मी म्हटलं, पुढच्या शुक्रवारी भर दर्शनात दार उघडू. तृप्ती म्हणाली, "दार उघडलं तं आत्मे पळाले म्हणते थो. मागच्या महिन्यात आभाळ होतं तं म्हणे, आत्मे रुसले. दार नका उघडू. मी उभी राह्यतो आवारात, कुणालच्या जागी. पूजाले घेऊन."

शुक्रवार उजाडला. भजन सुरू झाल्यावर श्रीकांतनं कुणालला चहाला नेलं. "दादा, उन्हात किती फिरशीन? चाल, कट मारू." चेला झाला तरी माणूसच तो, गेला.

आत सगळ्यांनी डोळे उघडले. महाराजांची पाठ भिंतीकडे. त्यांची नेहमीची टेप सुरू झाली.

"देखो माई! आ गया तुम्हारा प्रफुल्ल! सफेद कपड़ों में! बोलो, पहचाना?"

बाया माना वाकड्या करून पाहायला लागल्या.

"महाराज," देवकामावशी म्हणाली, "हे तं तृप्ती हाये."

"क्या?"

"पिवळं लुगडं. संगं पूजा हाये, लाल सेटरात. सकाळी ह्याच लुगड्यात मले चहा करून देल्ला सुनेनं."

महाराजांनी मान वळवली. भिंतीवर पिवळी तृप्ती उलटी उभी होती, तिच्या हाताला धरून पूजा, आणि पूजा दुसरा हात हलवत होती. एवढ्यावर गप्प बसले असते तरी निभावलं असतं. पण जीभ सवयीची. "माई, जो जिंदा यहाँ दिखे, उसका समय निकट है! बच्ची को बचाना है तो..."

"माही पोर!" मावशीनं अशी किंकाळी फोडली की गरुडावरची हारफुलं खाली आली असतील. बाकं लोटत ती दाराकडे धावली, तिच्यामागे अख्खी गर्दी. दार उघडलं, ऊन आत आलं. रस्त्यापलीकडे पेट्यांच्या ढिगाशेजारी पूजा संत्रं सोलत होती.

"आजी, मी दिसली का?"

मावशीनं तिला पोटाशी धरलं, अंग चाचपलं, तोंडावरून हात फिरवला. ते पाहून मला माझीच लाज वाटली. दुसरा रस्ता सुचला नव्हता, एवढंच म्हणू शकतो.

काकांनी पुन्हा सगळ्यांना आत बसवलं, दार लावलं. मी आवारात जाऊन उभा राहिलो, हात हलवले, एका पायावर उड्या मारल्या. आत हसू फुटलेलं बाहेर ऐकू आलं. मग काकांनी शिडीवरून भोकावर फडकं धरलं. विनोद मेडिकलवाला नाहीसा झाला. फडकं काढलं, पुन्हा हजर.

यात जादू नाही. उजेड सरळ रेषेत चालतो. भोक उंचावर, त्यामुळे खालून येणारा उजेड भोकातून तिरपा वर चढतो, पायावरचा जास्त, डोक्यावरचा कमी, म्हणून भिंतीवर माणूस उलटा, छताजवळ. चित्र फिकं असतं, म्हणून काळोख, आणि डोळे काळोखाला सरावावेत म्हणून पंधरा मिनिटांचं भजन. आभाळ आलं की बाहेर ऊन नाही, म्हणून आत्मे रुसतात. एवढाच परलोक. या गडबडीत महाराज मागच्या दारानं गेले. खडावा राहिल्या.

देवकामावशी सुतारांच्या नावाच्या बाकावर बसून होती. कुणाल चहा पिऊन आला, तो दारातच थबकला. तिनं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सहा शुक्रवार मी ह्याले इचारलं, जेवला का?"

कुणालनं मान खाली घातली.

"मंग माहा प्रफुल्ल?"

उत्तर दानिएलकाकांनी दिलं. त्यांनी स्वतःच्या बायकोची शवपेटी याच वेदीसमोरून नेली होती. "बाई, तो गेला. पोरगी आहे."

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमचं माणूस गेलं असेल तर रडा, मोकळं रडा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्याच्या नावानं कोणी औषध बंद करायला सांगितलं, तर भिंतीकडे पाहत बसू नका. उठा, दार उघडा आणि बाहेर उन्हात कोण उभं आहे ते पाहा.

शनिवारी सकाळी शटर अर्धं वर गेलं असेल, तोच खालून मावशीचा आवाज आला.

"उघड लवकर. डॉक्टरकडून येऊन राहिली. चिठ्ठी देल्ली त्यानं, आधी मले झापलं." पूजाला पुढे घेऊन तिनं चिठ्ठी काउंटरवर ठेवली. पेटीच्या कुलपाची चावी तिच्या गळ्यात नव्हती. पूजाच्या गळ्यात होती.