एकाऐवजी दीड

“ही सुट्टी आपल्या यादीत नाही,” असं म्हणून साहेबांनी वर्तमानपत्र माझ्या टेबलावर टाकलं. सरकारने येत्या गुरुवारी एक जादा सार्वजनिक सुट्टी जाहीर केली होती. आमच्या कारखान्याच्या यादीत वर्षाच्या आठ सुट्ट्या होत्या. ही नववी म्हणजे साहेबांच्या लेखी न बोलावता आलेला पाहुणा.

दोन दिवस त्यांनी खूप डोकं लढवलं. आधी म्हणाले, सगळ्यांच्या हक्काच्या रजेतून एक दिवस कापू. मग म्हणाले, सुट्टी देऊ, पण बदल्यात एका साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावू. कामगार कचेरीतून फोनवर समज मिळाली तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. कारखाना बंद राहणार, पगार मिळणार. फक्त बॉयलर चालू ठेवायचा. टॉवेल रंगवायला वाफ लागते, आणि बॉयलर थंड पडला की तो पुन्हा तापवण्यात शुक्रवारची अर्धी सकाळ गेली असती.

नोटीस मी लिहिली. अठरा वर्षं मी इथे नोटिसाच लिहिते आहे, आणि कडू गोळीला साखर लावणं मला आता झोपेतही जमतं. शेवटी एक ओळ घातली: ‘अत्यावश्यक कर्मचाऱ्यांना नंतर बदली सुट्टी देण्यात येईल.’ साहेब खूश झाले. अत्यावश्यक कर्मचारी एकच होता, आमचे बॉयलरकाका. एरवी वर्षभर त्यांना कुणी अत्यावश्यक म्हणत नसे. दोन उन्हाळे ते बॉयलरच्या खोलीत एक पंखा मागत होते, तोही अजून आला नव्हता.

नोटीस लागली त्याच दुपारी काका हात पुसत ऑफिसच्या दारात येऊन उभे राहिले. साहेब फोनवर होते, म्हणून त्यांनी आधी मलाच सगळं सांगितलं. काकांची साप्ताहिक सुट्टी मंगळवारी. काकू सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर, त्यांची सुट्टी रविवारी. संसाराला चोवीस वर्षं झाली, पण दोघांच्या सुट्टीची गाठ कधी पडली नव्हती. यादीतल्या आठही सुट्ट्यांना काका बॉयलरपाशीच असत. घराचे हप्ते होते, म्हणून ते स्वतःहून हो म्हणत. रजा दुखण्याखुपण्यात आणि मुलीच्या बाळंतपणात संपून जात. आता हप्ते फिटले होते, पण पुढच्या महिन्यापासून काकूंची नेमणूक लांबच्या दवाखान्यात झाली होती. शनिवारी रात्री यायचं आणि सोमवारी पहाटे निघायचं. तेव्हा काकूंनी, कधी नव्हे ते, एक मागणं मागितलं होतं. गुरुवारी दोघांनी डबा घेऊन तळ्यावर जाऊन बसायचं.

“बसायचंच फक्त,” काका मला म्हणाले. जणू होडीत बसायचं म्हटलं असतं तर ते जरा जास्तच झालं असतं.

साहेबांचा फोन संपल्यावर काकांनी विचारलं, मंगळवारी येतो तो बदली माणूस गुरुवारी आला तर चालेल का. साहेब म्हणाले, तो सुट्टीच्या दिवसाचे दुप्पट मागतो. मग खुर्चीत मागे रेलून त्यांनी मन मोठं केलं.

“तुम्हाला दीड दिवस देतो. एकाऐवजी दीड. कोण देतं हल्ली?”

“दीड नको साहेब,” काका म्हणाले. “तोच दिवस द्या. तिला त्याच दिवशी सुट्टी आहे.”

“अहो, दिवस सगळे सारखेच.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला बोलता आलं असतं. ते दुप्पट पैसे किती, हे मला ठाऊक होतं. साहेबांच्या पाहुण्यांच्या चहापाण्यावर आठवड्याला त्याहून जास्त उडत. पण मी टाचण्यांची डबी उघडली आणि पुन्हा बंद केली. काका “बरं” म्हणाले आणि गेले. साहेब पुढे आठवडाभर भेटेल त्याला ते दीड दिवसाचं सांगत होते.

गुरुवारी मला सुट्टी होती. मी अत्यावश्यक नव्हते. मुलं मागे लागली म्हणून त्यांना घेऊन तळ्यावर गेले. अख्खं गाव तिथे लोटलं होतं. पाण्याकडेच्या एका बाकावर काकू बसलेल्या दिसल्या. दवाखान्याच्या खिडकीमागे त्यांना कितीदा तरी पाहिलं होतं, पण अशा मोकळ्यावर प्रथमच. इस्त्रीचं पातळ नेसून त्या बाकाच्या अगदी डाव्या कडेला बसल्या होत्या. उजव्या बाजूला त्यांनी पिशवी ठेवली होती, बसमध्ये कुणासाठी जागा धरतात तशी. एका कुटुंबाने बसायला विचारलं तेव्हा त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी मुलांना दुसऱ्या वाटेने नेलं. मला लाज वाटली, आणि ती वाटली ते बरंच झालं.

काकांना बदली सुट्टी पुढच्या बुधवारी मिळाली. दवाखान्यात त्या दिवशी सगळ्यात जास्त गर्दी असते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते सही करायला आले. रजेच्या वहीत त्यांच्या नावापुढे मी ‘सुट्टी उपभोगली’ असं लिहिलं. तसंच लिहायची पद्धत आहे. अर्धा दिवस अजून शिल्लक आहे, तो कधी घेणार, असं मी विचारलं.

“असू दे साहेबांनाच,” काका म्हणाले. “त्यांना उपयोगी पडेल.”

मग काल काय केलंत, असं विचारल्यावाचून मला राहवलं नाही.

“तळ्यावर जाऊन आलो. कोणी नव्हतं. तिने बाक कुठला ते नीट सांगितलं होतं, लगेच सापडला.” त्यांनी पेन उचललं. “ती डाव्या कडेला बसली होती. मग मी उजव्या कडेला बसलो.”

त्यांनी सही केली, पेनाला टोपण लावून ते जागच्या जागी ठेवलं आणि बॉयलरकडे गेले.