टाकीच्या मागे

"माळ्यावर कुणीतरी चालतंय," असं सासूबाई म्हणाल्या तेव्हा आम्ही हसलो. त्या रोजच म्हणायला लागल्या, तेव्हा मात्र एकमेकांकडे बघू लागलो. नवऱ्याने शिडी लावली, माळ्यात नुसतं डोकं घातलं, टॉर्च फिरवला आणि "काही नाही" म्हणत उतरला. याच्या "काही नाही"वर मी अख्खा संसार केलाय, मला तरी कळायला हवं होतं.

वयोमानाने भास होतात, असं डॉक्टर म्हणाले आणि गोळ्या सुरू झाल्या. भल्याभल्यांना शब्दात पकडणाऱ्या सासूबाई भाजी निवडता निवडता पेंगू लागल्या. त्यांच्या ज्या बडबडीने माझं डोकं उठायचं, तिच्याशिवाय घर मला खायला उठलं.

मग एका दुपारी फक्त आमच्याच घरातले दिवे गेले. वायरमन माळ्यावर चढला आणि वरूनच ओरडला, "वहिनी, इथे खारींचं बिऱ्हाड आहे!" वायर कुरतडलेली, जुन्या दुलईचा कापूस उपसलेला आणि पाण्याच्या टाकीमागे त्याचं ऐसपैस घरटं. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

खारी घालवणाऱ्या माणसाला बोलावलं. छपराच्या कडेच्या ज्या भोकातून त्यांची ये-जा चालायची, त्या भोकावर त्याने फक्त बाहेरच उघडणारी झडप बसवली. पिल्लं हिंडती झाली होती, तीही आईमागून निघून गेली. मग भोकावर जाळी ठोकली.

गोळ्या बंद झाल्या. नवरा ओशाळून आईजवळ बसला. "चुकलंच माझं. पण आता परत कधी आवाज आला, तर लगेच सांग हं मला." सासूबाईंनी मान डोलावली.

काही दिवसांनी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. डोक्यावर स्पष्ट खरखर झाली. सासूबाईंचा हात थांबला आणि पुन्हा चालू लागला.

"आई, ऐकलंत?"

"नाही बाई. मला कुठं काय ऐकू येतं आता."

पुन्हा खरखर. त्या हातातली शेंग सोलतच होत्या आणि शेंग कधीच रिकामी झाली होती. त्यांना खारींची नव्हे, आमची भीती वाटत होती.

"ऐकलंस का रे!" मी नवऱ्याला मोठ्याने हाक मारली. "माळ्यावर कुणीतरी चालतंय. मला ऐकू येतंय. मला कधी नेतोस डॉक्टरकडे?"

तो दारात आला. त्याने आईकडे बघितलं, मग शिडी घेऊन आला आणि चढू लागला.

सासूबाईंनी ताट बाजूला सारलं.

"टाकीच्या मागे बघ," त्या म्हणाल्या. "आणि या वेळी नुसतं डोकं घालू नकोस. पुरता आत चढ."