बाबांची चावी तुम्ही पुसलीत

माझ्या बापाला तुम्ही वेडा ठरवलंत. तुम्ही म्हणजे तुम्हीच, गाडी बनवणारी कंपनी आणि तुमचं ते काचेचं सर्व्हिस सेंटर, जिथे फरशीवर तेलाचा थेंब सापडत नाही आणि तोंडातून सरळ उत्तर निघत नाही. फोनवर मला सांगितलंत, तक्रार थोडक्यात सांगा. थोडक्यात सांगून झालं. आता सगळं ऐका.

बाबांनी जन्मभर शाळेची बस चालवली. आता घरची गाडी चालवतात. तिच्या तीन चाव्या होत्या. एक बाबांच्या शर्टाच्या खिशात, एक दादाकडे, एक कपाटात पडून. बाबांच्या चावीवरचा काळा रंग अंगठ्याखाली घासून पांढुरका झालाय. झोपतानासुद्धा ती उशीजवळ असते. आई तिला "माझी सवत" म्हणते.

अलीकडे बाबा थोडं विसरतात. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर. दादाला कधी काकाच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणाले, वय आहे, चालायचंच. पण दादा तेव्हापासून त्यांच्यावर डोळा ठेवून होता.

"बाबा, गाडी आता पुरे."

"गाडी हातांना येते रे. डोक्याला विचारावं लागत नाही."

मग दादाने स्वतःची चावी हरवली. कुठे, ते त्याला अजून आठवत नाही, आणि विसराळू मात्र बाबा! कपाटातली चावी घेऊन तो ऑफिसला जाता जाता तुमच्याकडे आला आणि नवी चावी करून घेतली. तुमच्या माणसाने हसत सांगितलं, "हरवलेली चावी बाद केलीय सर. आता ती कुणाला सापडली तरी गाडी चालू होणार नाही." दादा खूश. मला म्हणाला, "याला म्हणतात सर्व्हिस."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला गुडघ्यांच्या व्यायामाला न्यायचं होतं. मी मागे बसले, आई पुढे. बाबांनी चावी लावली, फिरवली. इंजिन एकदा घुरघुरलं आणि बंद पडलं. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

"इथे चावीचं चित्र लुकलुकतंय," बाबा म्हणाले.

कुणी लक्ष दिलं नाही. दादा पायऱ्या उतरून आला आणि विचारतो काय, तर, "बाबा, क्लच दाबलात का?" शाळेची बस चालवलेल्या माणसाला! बाबांनी खाली स्वतःच्या पायाकडे बघितलं. खरंच बघितलं.

दादाने त्यांना बाजूला केलं, स्वतःची नवी चावी लावली. गाडी पहिल्या झटक्यात चालू.

"बघा."

तेवढंच बोलला. बंद करून बाबांना पुन्हा बसवलं. बाबांच्या हातून गाडी मेली. दादाच्या हातून जिवंत झाली. समोरच्या घरातली बाई कपडे वाळत घालायचं सोडून बघत होती.

"चावीत काहीतरी असेल," मी म्हटलं.

"चावी तीच आहे. दार उघडतेय, फिरतेय. माणूस बदललाय," दादा म्हणाला. बाबांच्या देखत.

मी तिथूनच तुम्हाला फोन लावला. तुमचा माणूस काय म्हणाला, आठवतंय? "मॅडम, दुसऱ्या चावीने चालू होते ना? मग गाडीत काही दोष नाही. चालवणाऱ्याचा हात चुकत असेल." मी मूर्खासारखा फोन स्पीकरवर ठेवला होता. बाबांनी ते ऐकलं. गाडीतून उतरले, चावी दादाच्या हातावर ठेवली आणि घरात गेले.

त्यानंतर आमच्या घरात काय झालं, ते तुमच्या कुठल्याच मशीनवर दिसणार नाही. बाबा गॅस बंद केलाय का, हे आईला विचारायला लागले. मग दाराची कडी. मग केस कापायला एकटे जाईनात, वाट चुकलो तर, म्हणून. एकदा दुपारी माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "मी जेवलो का गं?" जेवले नव्हते. त्यांना भूक लागली होती, पण त्यांचा स्वतःच्या भुकेवरही भरवसा उरला नव्हता.

आई म्हणाली, "सवत गेली आणि नवऱ्यालाही घेऊन गेली." हसता हसता तिने पदर डोळ्यांना लावला.

मला राहवेना. दादाकडून बाबांची चावी मागून घेतली, कपाटातल्या चावीने गाडी काढली आणि एका चावीवालीकडे गेले. जिन्याखाली टीचभर दुकान, भिंतीभर चाव्या आणि तोंड अखंड चालू.

"डोळे फाडून काय बघतेस? चावी दे." तिने चावी एका डबीवर टेकवली. "चिप ठणठणीत आहे. आता गाडीला विचारू."

स्टिअरिंगखाली तिने मशीनची वायर खुपसली. मी विचारलं, चिप कसली?

"चावीच्या डोक्यात असते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिला सेलबिल लागत नाही. कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, ते तिला जागं करतं. जागी झाली की ती गाडीच्या कॉम्प्युटरला आपली ओळख सांगते. ओळख पटली तर तो इंजिन चालू देतो. नाही पटली तर घे पाहिजे तेवढी फिरवून. चोरांसाठी केलेली सोय आहे." मशीनकडे बघून ती थांबली. "हिला दोनच चाव्या माहीत आहेत. ही त्यातली नाही. मध्ये नवी चावी केली होती का?"

"कंपनीत."

"आणि ही चावी तेव्हा तिथे नव्हती?"

"बाबांच्या खिशात होती."

तिने कपाळावर हात मारला. "अगं बाई, तिथे आधी सगळ्या चाव्या पुसतात आणि समोर असतील तेवढ्याच पुन्हा शिकवतात. म्हणून गिऱ्हाईकाला आधी सांगायचं असतं, घरातल्या सगळ्या चाव्या आण. नाहीतर हरवलेलीबरोबर घरातलीही जाते. कुणी सांगितलं नाही?"

नाही. कुणी सांगितलं नाही. दादाला नाही, फोनवर मला नाही.

कपाटातली माझ्याजवळ होतीच; दादाचीही मागवून घेऊन तिने बाबांची चावी पुन्हा गाडीला ओळखीची करून दिली. मी गाणं म्हणत घरी आले. दादा ऐकून पांढरा पडला, "माझं चुकलं बाबा," म्हणाला. बाबांना हाताला धरून गाडीत बसवलं. त्यांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली.

बाबांनी लगेच बंद केली.

"म्हणजे चालू होते. तेव्हा माझ्याचकडून चुकलं असणार."

"बाबा, तेव्हा तिची ओळख पुसलेली होती! आज परत घातली!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "लहानपणीही तू अशीच होतीस. मी पटावर हरायला लागलो की माझ्या सोंगट्या हळूच पुढे सरकवायचीस. राहू दे बाळा. कंपनीवाला खोटं कशाला बोलेल?"

चावी आता आईच्या पोळपाटाशेजारी पडून असते. आईने दोनदा त्यांच्या खिशात घातली, त्यांनी दोनदा काढून ठेवली.

मी पुन्हा फोन केला तर तुमचे साहेब म्हणाले, काम प्रोसिजरप्रमाणे बरोबर झालेलं आहे. असेल. तुमची प्रोसिजर तुमच्याकडे ठेवा. मला नवी चावी नको, भरपाई नको, सीटवर टाकायला तुमचं फुकटचं कव्हर नको. बाबा माझं ऐकत नाहीत, दादाचं ऐकत नाहीत, चावीवालीचं ऐकत नाहीत. ते फक्त तुमचं ऐकतात, कारण त्यांच्या डोक्यात बिघाड आहे, हे त्यांना तुम्ही सांगितलंत. तुमच्यापैकी एकाने आमच्या घरी यायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि त्यांच्या डोळ्यांत बघून म्हणायचं, "काका, तुमचा हात चुकला नाही. तुमची चावी आम्ही पुसली."

एवढं एक वाक्य. ते बोलायला कोण येतंय, आणि कधी?