चष्मा विचारणारं बटण

आमच्या कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरमधली बटणं मी बनवतो. एकदा बनवायची आणि मग सगळीकडे तीच वापरायची, कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रॅममध्ये आणि वेबसाइटवरही. त्यातलं ‘पुसा’ हे बटण दाबलं की समोर पाटी येते : ‘अहो, चष्मा लावलात का? आधी वाचा, मग पुसा.’ हे वाक्य माझ्या बायकोचं. तिने सांगितलं, मी तसंच लिहिलं. ती गेली त्याला वर्ष होत आलं.

आमच्या विभागाच्या नव्या मॅडम वैतागल्या. “काका, सॉफ्टवेअर गिऱ्हाइकांना ‘अहो’ म्हणतंय! काल बँकेच्या साहेबांनी विचारलं, ही बाई कोण?”

“आमची ही,” मी म्हणालो.

त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. “तरी काढा. आत्ताच, माझ्यासमोर.”

वाक्य एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. तिथून गेलं की सगळीकडून जाणार होतं. डोळे भरून आले, म्हणून चष्मा काढून खिशात ठेवला, अंदाजाने त्या ओळीवर टिचकी मारली आणि ‘पुसा’ दाबलं. ही बटणं ज्यात ठेवतो आणि बदलतो, तो आमचा प्रोग्रॅमही याच बटणांचा बनलेला. पाटी आली : ‘अहो, चष्मा लावलात का?’

“लावतो गं,” म्हणत मी खिशात हात घातला. चष्मा लावून पाहिलं, तर ओळीऐवजी मी सगळ्या बटणांचा अख्खा फोल्डर निवडला होता.

मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. “थांबा, थांबा! राहू द्या काकूंना.”

“आणि बँकेचे साहेब?”

“त्यांना म्हणावं, चष्मा लावा.”