रडणारं अंडं

रायपूरच्या बूढापारा वस्तीत, तलावाकडच्या चौकात सकाळपासून दीड-दोनशे बाया रांगेत उभ्या होत्या. समोर माणसाएवढं फायबरचं अंडं, त्यावर रंगवलेला एका आईचा चेहरा, आणि तिच्या डाव्या डोळ्यातून खरोखर पाणी टपकत होतं.

राज्य नवं, राजधानी नवी. मुलांच्या दवाखान्याला मदत गोळा करायला शहरभर अशी चाळीस रंगवलेली अंडी दानपेट्यांसह मांडली होती. बाकीची एकोणचाळीस उन्हात एकटीच उभी होती.

शेजारी शालिग्राम महाराज ठाण मांडून बसले होते. "माय रडून राहिली," वाटीत थेंब धरत ते सांगत. "लेकराचं दुखणं आपल्या डोळ्यातून काढून राहिली. वरून गोळी द्याल तं माय रुसून जाईन." ही माय गोळीवर रुसते, महाराजांपुढे ठेवलेल्या नारळावर मात्र रुसत नाही, हे कोणालाच खटकत नव्हतं.

रांगेत आमच्या शाळेतली शिपाई सुशीला दिसली, नऊ वर्षांच्या रूपालीला घेऊन. रूपालीला मिरगीचे झटके येत.

"गोळ्या चालू आहेत नं?" मी विचारलं.

"नाही दीदी. सहा दिवसांपासून हेच पाणी देऊन राहिली."

"काहून?"

"अच्युत सरांनी रंगवलेलं अंडं हाय. सर खोटं करतीन का?"

अच्युत आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचा, मी विज्ञान. बुवांच्या चमत्कारांमागची युक्ती आम्ही दोघं बारा वर्षं शाळाशाळांतून दाखवत होतो. तेवढ्यात रूपाली कोसळली.

दवाखान्यात झटका थांबला. औषध अचानक बंद केल्यामुळे झालं, असं डॉक्टरांनी सांगितलं. मी स्क्रूड्रायव्हर घेऊन चौकात परतले.

"हात लावशीन तं भस्म होशीन," महाराज म्हणाले.

मी अंड्याच्या मागच्या झाकणाचे स्क्रू काढून ते उघडलं. आत सलाईनची बाटली टांगलेली होती. तिची नळी डोळ्यामागच्या बारीक भोकात बसवलेली. बाटली आमच्याच कार्यक्रमातली, तिच्यावर माझ्या अक्षरातली चिठ्ठी होती: 'प्रयोग सात, रडणारी मूर्ती'.

अच्युत गर्दीतच उभा होता, हातात कुंचला. रंग सुधारायला म्हणून तो रोज सकाळी यायचा.

"कोणी पाहतच नव्हतं, मीरा," तो म्हणाला. "दोन दिवस गर्दी झाली असती, दवाखान्याला मदत मिळाली असती. मग आपणच उघडून दाखवलं असतं. हा महाराज कुठून आला, मले माहीत नाही."

"तो आल्यावर बाटली कोण भरत होतं?"

अच्युत खाली बघत कुंचला पुसू लागला. मी नळीवरची चकती फिरवली, अश्रू थांबले. उलटी फिरवली, पुन्हा वाहू लागले. एकेका बाईला बोलावून मी ते करायला लावलं. महाराज तोवर निघून गेले होते.

संध्याकाळी सुशीलाने एवढंच विचारलं, "सरांनीच केलं?" मी हो म्हटलं. ती रूपालीचे केस नीट करत राहिली.

महाराजांवर माझा विश्वास कधी नव्हताच, त्यामुळे त्यांच्यावरचा राग दोन दिवसांत ओसरला. अच्युतशी मी अजून बोलत नाही.

तुम्हाला एवढंच सांगते. लेकराचं औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कुठे काही अद्भुत दिसलं, तर मागे जाऊन पाहा. ते आपल्याच माणसाने मांडलेलं असेल, तरीही पाहा.