पुसलेला नंबर

रामाजीच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते निळं आंतरदेशीय पत्र सदतीस वर्षं माझ्या कपाटात, शब्दकोशाच्या पानांत आहे. त्यावर गडचिरोलीचा शिक्का आहे आणि आत चारच वाक्यं.

'मुखरूभाऊ, एकच विचारतो. दसऱ्याले मशीन कोनं खोलली होती का? मी हिवतापानं पडलो होतो, तुमाले मालूम हाये. तुमी सांगान तं लोकं मानतीन.'

तेव्हा मी सिंदेवाहीजवळच्या आमच्या गावात वाचनालय सांभाळायचो. मशीन म्हणजे वाचनालयाचा वाल्व्हचा अँप्लिफायर. गावात त्याला दुसरं नाव नव्हतं. लग्न असो, सभा असो, रामाजी तो खांद्यावर घेऊन जायचा आणि त्याच्याशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. दसऱ्याला मात्र नांगर, करवत, शिलाई मशीन यांच्याबरोबर त्याचीही पूजा व्हायची. त्या वर्षी रामाजी तापात होता, म्हणून पूजेचं काम माझ्याकडे आलं.

मी ते फार मनापासून केलं. पुस्तकांवरची धूळ झटकतो तसंच. झाकण उघडलं, काचेचे वाल्व्ह एकेक करून काढले, ओल्या फडक्याने लख्ख पुसले, परत बसवले. वर हळद-कुंकू, झेंडूचं फूल. रामाजीला सांगायचं राहून गेलं. सांगण्यासारखं त्यात काही आहे, असं तेव्हा वाटलंही नाही.

दिवाळीनंतर मंडई, आमची वार्षिक जत्रा, भरली. आसपासच्या गावांचे पाहुणे, जावई, लेकी, सगळे आले. दुपारी दंडारीचा नाच-गाण्याचा खेळ उभा राहिला आणि गाणाऱ्याने तोंड उघडलं, तर भोंग्यातून आवाज आला पत्र्यावर वाळू घासल्यासारखा. तोही इतका बारीक की मागच्यांना नुसती खरखर. रामाजी घामाघूम होऊन बटणं फिरवत होता. फिरवावं तितका आवाज आणखी फाटत होता. पाहुण्यांसमोर गावाचं हसं झालं.

संध्याकाळी वाचनालयाच्या पायरीवर लोक जमले. कोणी म्हणालं, रामाजीने मशीन जाळली. कोणी म्हणालं, प्यायला होता. मी दारात उभा होतो. 'दसऱ्याला मी...' एवढं मनात जुळवलं, घसा खाकरला, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा म्हणालो, "दिवा आणतो, अंधार पडला."

आठ दिवसांत रामाजी बायकोला घेऊन गाव सोडून गेला. मग ते पत्र आलं. मी स्वतःला सांगत राहिलो, पुसल्याने काय बिघडतं? जिथून काढले तिथेच तर बसवले. पण खरंच तिथेच? ते आठवत नव्हतं, आणि आठवत नाही हे लिहायचं धैर्य नव्हतं.

वाचनालय बंद झालं तेव्हा मशीन मी घरी आणली. माझी बायको कमळा होती तोवर त्यावर लोणच्याची बरणी असायची. कमळा गेली, बरणीही गेली. घरात दिवसभर माझ्याच चपलेचा आवाज. मागच्या महिन्यात वाटलं, मरण्याआधी एकदा पाहावं. सिंदेवाहीहून लच्छूला बोलावलं. तो लग्नांत डीजे लावतो आणि जुने रेडिओही दुरुस्त करतो.

"भाऊ, हे तं माह्यापेक्षा मोठी हाये वयानं," तो मशीन पाहून म्हणाला. "पाया पडू का खोलू?"

त्याने सुकून गेलेले कंडेन्सर बदलले. भोंगा दुसरा लावला, माईक दुसरा लावला. मागचे दोन मोठे वाल्व्ह तपासले, दोन्ही नीट तापत होते. मग म्हणाला, "बोला काहीतरी."

मी 'हॅलो' म्हटलं. भोंग्यातून तोच आवाज आला, मंडईतला. बारीक, वाळूसारखा. मी खाली बसलो.

"काऊन बसले? चक्कर आली का?"

"नाही. तू बघ."

झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला वाल्व्हच्या जागांचा नकाशा पिवळा पडला होता. लच्छूने त्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. दोन लहान वाल्व्ह. माईकचा आवाज पयले वाढवते तो त्र्याऐंशी नंबर. पुढं मोठ्यायले ढकलते तो ब्याऐंशी. दिसाले जुळे भाऊ." त्याने दोन्ही काढून उजेडात धरले. काचा कोऱ्या होत्या. "आता कोन्या शायन्यानं नंबरच पुसून टाकले!"

मी चष्मा चढवून जवळ सरकलो.

"असू द्या. इलाज हाये." त्याने पहिल्या जागेचा वाल्व्ह तोंडाजवळ नेला आणि चष्म्याच्या काचेवर सोडतात तशी वाफ सोडली. धुकं धरलं, आणि त्या धुक्यात, शाई गेलेल्या जागी, क्षणभर अक्षरं उमटली. ईसीसी ब्याऐंशी. त्र्याऐंशीच्या जागेवर. मी वाचलं आणि ती विरली.

"अदलाबदली झाली भाऊ! पयल्या जागी कमजोर बसला, मनून आवाज बारीक. दुसरा मोठ्यायले पुरा पडत नाई, मनून फाटते."

"हे वाफेचं तुला कोणी शिकवलं?"

"उस्तादानं. गडचिरोलीचे रामाजी. सोल्डर धराले त्यायनंच शिकवलं." वाल्व्ह बसवता बसवता तो बोलत होता. "पयल्याच दिवशी मने, लच्छू, वाल्व्ह कधी पुसू नको, फुंकर मार. एका पुसण्यापायी माह्यं गाव सुटलं, अन् हे मले इथं काम शिकल्यावर समजलं."

"कोणी पुसला, ते सांगितलं?"

"किती डाव विचारलं. मनते, होता एक भला मानूस."

लच्छूने बटण दाबलं. वाल्व्ह लाल व्हायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात मला पळून जावंसं वाटलं. "बोला आता," तो म्हणाला. मी हळूच 'हॅलो' म्हटलं, आणि माझा आवाज अंगण ओलांडून रस्त्यावर गेला.

समोरून धान वाळवणारी वच्छला ओरडली, "काऊन बोंबलून राह्यले मुखरूभाऊ? चाळीस सालात पयल्यांदा आवाज आयकला तुमचा!"

लच्छू हसला. मी विचारलं, "रामाजी आहेत?"

"हायेत न. पोरीसंग रायतात. कानानं कमी आयकते आता, मनून फोन उचलत नाई. नंबर देऊ का?"

"पत्ता दे."

पत्ता तोच होता, निळ्या पत्रामागचा.

पुढचे चार दिवस मी लिहीत होतो. पहिल्या मसुद्यात माझ्या स्वभावाबद्दल दोन पानं झाली. दुसऱ्यात दसऱ्याच्या प्रथेची माहिती आली. तिसऱ्यात कमळाचं आजारपण. सगळे फाडले. रामाजीने एकच विचारलं होतं.

मग सिंदेवाहीच्या पोस्टात गेलो. त्याने विचारलं होतं ते बंद करून, डिंक लावून, कोणी वाचू नये असं. मी साधं, उघडं पोस्टकार्ड मागितलं. काउंटरवर उभ्यानेच लिहिलं, 'रामाजी, दसऱ्याला मशीन मी उघडली होती. वाल्व्ह मी पुसले, मीच चुकीचे बसवले. तुझी चूक नव्हती. हे कोणालाही वाचून दाखव. मुखरू.'

काउंटरवरच्या बाईंनी शिक्का मारण्याआधी कार्ड वाचलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"आज जाईल ना?" मी विचारलं.

"तीनच्या थैलीत," त्या म्हणाल्या, आणि शिक्का मारला.