ज्याने सुरुंग पेरले त्याने पुढे चालावं

लिबियातल्या दोन भांडणाऱ्या सरकारांच्या गदामिसच्या वाटाघाटींना हाज्जा मबरूकाला बोलावलं ते शोभेपुरतंच. सबहाच्या कोर्टात तिने तीस वर्षं न्यायनिवाडे केलेले. ती दक्षिणेची, म्हणून पूर्वेचं सरकार तिला आपली मानेना आणि पश्चिमेचंही.

आठव्या दिवशी घोडं किनाऱ्याच्या रस्त्यावर अडलं. तिथे दोन्ही फौजांनी सुरुंग पेरले होते.

"आम्ही आमचा नकाशा देतो," पूर्वेचा कर्नल फरज म्हणाला.

"तुमच्या नकाशाच्या भरवशावर मी माझा बोकडही सोडणार नाही!" पश्चिमेचा ब्रिगेडियर मिलाद उसळला.

"मग बोलणी करायला त्यालाच पाठवायचं होतं. एव्हाना उरकली असती."

मिलाद खुर्ची सरकवून उठला. परदेशी मध्यस्थाने घाईघाईने आपला मसुदा पुढे केला: बाहेरचं पथक येईल, दोन वर्षांत रस्ता साफ करेल.

मबरूकाने चहाचा पेला खाली ठेवला. "दोन वर्षं? तो रस्ता बंद म्हणून किनाऱ्यावर राहणाऱ्या माझ्या बहिणीला वाळवंटातून वळसा घालून दवाखान्यात नेत होते. वाटेतच गेली ती. पेरायला आपण, आणि निस्तरायला परके? लाज वाटत नाही?"

तिने कागद ओढून लिहिलं: 'ज्याने पेरले त्यानेच काढावे. साफ केलेल्या जमिनीवर पहिलं पाऊल त्याच्याच अधिकाऱ्याने टाकावं.'

"आता द्या खोटे नकाशे," ती म्हणाली.

फरजने कागद दोनदा वाचला. "दुसऱ्या कुणाला कशाला पाठवू? मीच चालेन."

मिलाद खाली बसला. "मग मी काय घरी बसून बायकोची बोलणी खाऊ? मीही चालेन."

"हे कलम कुठल्या करारातलं?" मध्यस्थाने विचारलं.

"आमच्या," मबरूका म्हणाली.

सात आठवड्यांनी, सुरुंग काढून झाल्यावर, दोघं दोन टोकांकडून चालत आले. फरजचे ओठ सारखे हलत होते. जाडजूड मिलाद घामाने निथळत होता. मबरूका उन्हात उभी होती. मधोमध दोघांनी हात मिळवले. फोटोवाले "पुन्हा एकदा" म्हणाले, तशी दोघांनीही मान हलवून नकार दिला.

करारातली बरीच कलमं कागदावरच राहिली. खुर्च्यांची भांडणं अजून चालूच आहेत. पण रस्ता परत बंद झाला नाही. दोघं चालले त्याच दुपारी बेनगाझीची पहिली बस गेली, तेव्हा खिडकीतल्या बायकांनी जिभा घोळवत आनंदाची आरोळी ठोकली. मबरूकाने आयुष्यभर कोर्टात आवाज चढवला नव्हता. तिनेही, ताठ मानेने, त्यांच्या आवाजात आपला आवाज मिळवला.